बघायला आलेलं घर

बोरपेठेतली घरं भाडेकरू बघायला स्वतः येतात, आणि येताना वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून आपला जिना बरोबर आणतात.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी भाडेकरू घर बघायला जायचे. पण पेठेत राहायचंय म्हणणारे इतके वाढले की रविवारी एकेका खोलीत माणसं मावेनात. कोण भिंतीवर टकटक करून बघतंय, कोण फ्लश ओढून बघतंय, कोण तोंडावर म्हणतंय, "अंधारं आहे हो!" अब्रूदार घराने सोसायचं तरी किती? शेवटी घरांनीच ठरवलं, की गरज ज्याची त्याने आपल्या जागी बसावं, बघायला आम्ही येऊ. गरजवंताला अक्कल नसते, त्यामुळे याला कुणी हरकत घेतली नाही.

घर रविवारी सकाळी निघतं आणि जेवायच्या आत परत जातं. तेवढा वेळ इमारतीत त्याच्या जागी नुसती मोकळी जागा राहते. वरच्या मजल्याला काही होत नाही. पेठेत कुणी कुणाच्या आधारावर राहत नाही, त्यामुळे खालचा गेला म्हणून वरचा पडला असं आजवर झालेलं नाही. फक्त जिना नसल्यामुळे वरच्यांना खाली उतरता येत नाही. म्हणून जेवायच्या आत परतायचं, हा एकच नियम.

हे सगळं जमवून आणायचं काम कुमुदताई रास्ते यांचं. त्यांचं आधी वधूवर सूचक मंडळ होतं. लग्न करणारे कमी झाले आणि घर शोधणारे वाढले, तशी त्यांनी पाटी बदलली आणि बाकीचं सगळं तसंच ठेवलं. पत्रिका होती, अपेक्षा होत्या, आणि 'कळवतो' म्हणून न कळवणंही होतं.

त्यांच्याकडे वैजयंती दाभाडकरने नाव घातलं ते तिच्या अप्पांसाठी. अप्पा म्हणजे वडील, दिगंबर दाभाडकर. नगरपालिकेच्या नळखात्यातून निवृत्त झालेले, आणि आता डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळणारे. जन्म बोरपेठेत, नोकरी बोरपेठेत, लग्नाचं कार्यालयसुद्धा बोरपेठेतच. नजर गेली तरी त्यांचं काही अडलं नव्हतं. भाजी, दूध, गिरणी, डॉक्टर, वाचनालय, मारुती आणि ज्यांच्याशी रोज भांडायचं ती माणसं, सगळं पायी गाठण्यासारखं. चिवडा तळल्याचा वास आला की डावीकडे वळायचं, गिरणीची घरघर ऐकू आली की उजवीकडे. काठीसुद्धा ते सोबतीला म्हणून घ्यायचे.

मग त्यांची भाड्याची इमारत पाडली. त्या जागी गाड्यांसाठी चार मजले आणि वर माणसांसाठी दोन झाले, आणि बापलेकीला शहराबाहेर 'ग्रीन हेवन'मध्ये अकराव्या मजल्यावर जागा घ्यावी लागली. तिथे पोहण्याचा तलाव होता, बॅडमिंटन होतं, कोथिंबीर मात्र गाडीशिवाय मिळत नव्हती. गेटबाहेर फूटपाथ होता. तो ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन थांबत होता आणि पुढे जायचा विचार त्याने सोडून दिलेला होता.

त्यामुळे अप्पा घरातल्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती फिरायचे. आधी बराच वेळ फिरायचे, मग थोडा वेळ, मग टेबलाला हात लावून नुसते उभे राहायला लागले. डॉक्टर म्हणाले, "यांना चालतं ठेवा. पाय बसले की माणूस बसतो." वैजूने ते मनावर घेतलं. आई गेल्यापासून तिला अप्पांशिवाय कोण होतं? ती पेठेतल्याच एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करायची. दुपारी तशीच उठून ती कुमुदताईंकडे गेली.

"बजेट काय गं तुझं?" कुमुदताईंनी विचारलं.

वैजूने सांगितलं.

कुमुदताईंनी चष्मा काढून ठेवला. "अगं, एवढ्यात तुला पेठेत गॅलरी मिळेल. तीसुद्धा उभ्याने."

"ताई, जुनं चालेल. लहान चालेल. गळत असलं तरी चालेल."

"असं म्हणू नये. असं म्हटलं की नेमकं तसलंच येतं," कुमुदताई म्हणाल्या, आणि तसंच झालं.

पहिलं घर आलं ते एकच खोली होतं, पण स्वतःला दोन समजत होतं. मध्ये पडदा होता त्याचा भारी अभिमान. "हॉलमधून आत या," असं म्हणून त्याने अप्पांना पडद्यातून दोनदा इकडेतिकडे नेलं. दुसऱ्या घराने आल्या आल्या वैजूचा पगार विचारला आणि बसलंही नाही. तिसऱ्याला फक्त एकटी कॉम्प्युटरवाली मुलं हवी होती. "ती दिवसभर नसतात आणि रात्री कानात घालून बसतात. म्हाताऱ्यांचं काय, जाता जात नाहीत," असं ते अप्पांसमोर म्हणालं. वैजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलीकडच्यांनी, म्हणजे भाडेकरूंनी, बोलायचं नसतं. तिने पोह्यांची बशी पुढे केली. सगळी घरं पोहे खाऊन गेली आणि सगळी 'कळवतो' म्हणाली.

आणि मग एका शुक्रवारी कुमुदताईंचा फोन आला. "वैजू, नशीब काढलंस! 'अनुग्रह' इमारत, दुसरा मजला, सात नंबर. घरंदाज आहे. मालक परदेशात, त्याचं काही म्हणणं नसतं. पत्रिका बघितली मी. दोघांनाही पहाटेचंच पाणी लागतं, तिथेच निम्मे गुण जुळले. येत्या रविवारी येतायत. पोह्यांत शेंगदाणे घालू नकोस, जिन्याला कवळी आहे."

रविवारी सकाळी सात नंबरचं घर ग्रीन हेवनच्या गेटशी पोचलं. ट्रान्सफॉर्मरपर्यंत ते फूटपाथवरून आलं होतं, पुढे नाइलाजाने रस्त्यावरून. उंबऱ्याला धूळ लागली होती. वॉचमनने शिस्तीत चौकशी केली.

"कुठे जायचंय?"

"बी अकराशे चार."

"आपला फ्लॅट नंबर?"

"सात," घर म्हणालं.

"विंग?"

"आमच्याकडे विंग नसते. आमच्याकडे मजला म्हणतात."

वॉचमनने अकराशे चारमध्ये फोन लावला, वैजूने हो म्हटलं, आणि त्याने घराला पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभं राहायला सांगितलं. लिफ्टमध्ये घर नेता येत नव्हतं, तसा बोर्डच होता. तेव्हा कार्यक्रम खालीच करायचं ठरलं. वैजूने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, अप्पांना हात धरून खाली आणलं आणि पोह्यांचं पातेलंही उतरवलं. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून लोक बघत होते.

घर दोन खोल्यांचं होतं, साठीचं असेल, बोलायला मवाळ. जिना मात्र कडक. सागवानी कठडा, दगडी पायऱ्या, आणि दर वाक्यानंतर जरा थांबायची सवय. कुमुदताई मध्ये बसल्या.

"माणसं किती?" जिन्याने सुरुवात केली.

"दोन," वैजू म्हणाली.

"पाहुणे?"

"फारसे नाहीत. अप्पांचे मित्र असतात."

"किती असतात?"

"पूर्वी बरेच होते," अप्पा म्हणाले. "आता गळत चाललेत."

"म्हणजे कमीच. लिहून घ्या," जिना कुमुदताईंना म्हणाला. "खिळे?"

"दोनच. एक कॅलेंडरचा, एक आईच्या फोटोचा."

घराने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "फोटो मोठा आहे का हो?"

"नाही. पोस्टकार्डाहून थोडा मोठा."

"मग चालेल. मागच्यांनी माझ्यात टीव्ही ठोकला होता. अजून ठणकतं."

घराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बशी आत घेतली, रिकामी करून परत दिली आणि मीठ बरोबर आहे म्हणालं. कुमुदताईंनी वैजूला डोळ्याने खूण केली. जमतंय असं वाटत होतं. आता काही चुकू नये, आता अप्पांनी काही बोलू नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

मग जिना खाकरला. "एक विचारायचं राहिलं. दिगंबरराव, राग मानू नका, पण रीत आहे. जरा चालून दाखवा."

वैजू खुर्चीतून उठली. "अहो, ते सध्या... त्यांना सवय राहिलेली नाही. इथे जागाच नाहीये चालायला. पेठेत आलो की..."

"पेठेत आल्यावरचं पेठेत आल्यावर," जिना म्हणाला. "दुसरा मजला आहे. रोज माझ्यावरूनच जायचं-यायचं आहे. उद्या काही झालं तर बोल मला लागतो."

त्याचंही खोटं नव्हतं. वैजू परत खाली बसली. अप्पा उठले. सपाट पार्किंगमध्ये ते दोन पावलं चालले आणि थबकले. समोर सगळा नुसता पांढरा उजेड होता, वास कसला नव्हता, आवाज नव्हता. त्यांनी हात पुढे केला तर हाताला काहीच लागेना. वरच्या गॅलरीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं, आणि वैजूला वाटलं, संपलं सगळं. तिला रडूच यायला लागलं.

अप्पांनी आणखी एक पाऊल टाकलं आणि त्यांचा हात जिन्याच्या कठड्याला लागला.

हात तिथेच थांबला. त्याने लाकूड चाचपलं, कठड्याच्या टोकाचा गोल गुळगुळीत झालेला भाग तळव्यात धरला. आणि अप्पा चढायलाच लागले की! पाय दगड ओळखत होते. वळणावर पायरी आखूड असते म्हणून त्यांनी आपोआप पाय तिरका टाकला. वर गेले, उंबऱ्याशी टेकून क्षणभर उभे राहिले, आणि तसेच भराभर खाली आले. पुन्हा वर गेले. वैजूने कित्येक महिन्यांत त्यांना असं बघितलं नव्हतं.

"पुरे, पुरे," जिना म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आमच्याकडून होकार समजा. पाय चांगला आहे. हल्ली पाय बघायला मिळत नाही, सगळे नुसते धावत जातात."

कुमुदताईंनी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला. तो त्या नेहमी जवळ ठेवतात. वैजूने पदराने डोळे पुसले. घराला भाडं मान्य होतं, जिन्याला पाय मान्य होते, महिना संपायच्या आत यायचं ठरलं. आता फक्त निरोप घ्यायचा बाकी होता, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

अप्पांना आनंद झाला होता. घाम आला होता, छाती वरखाली होत होती, तोंडभर हसू होतं. आनंदात माणूस काय वाटेल ते बोलतो. आणि त्यांची बायको, वैजूची आई, कोल्हापूरकडची. तिच्याबरोबर आयुष्य काढून त्यांना ती एक वाईट सवय लागली होती. घर उठायला लागलं तसे ते म्हणाले, "अहो, एवढ्या उन्हाचं कुठे निघालात? जेवून जा. आणि जाताय कशाला, आलाच आहात तर राहा की चार दिवस!"

घर होतं तसं थांबलं.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं.

"म्हटलं, राहा की चार दिवस."

"मी?"

"मग कोण? तुमचंच आहे सगळं."

आता हे नुसतं बोलायचं असतं. ज्याला बोलायचं त्याने "राहा" म्हणायचं, आणि ज्याने ऐकायचं त्याने "नको, पुन्हा येईन सवडीने" म्हणून चपला शोधायला लागायचं. पण सात नंबरचं घर पडलं बोरपेठेतलं. त्याला जन्मात कुणी राहा म्हटलेलं नव्हतं. पेठेत 'बरं, या मग' म्हणतात आणि दिवा मालवतात. या बोलण्याला उत्तर काय द्यायचं असतं ते घराला ठाऊकच नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. पेठेत त्याच्या एका अंगाला हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, आणि खाली कॉफीचं दुकान झाल्यापासून रात्री बारापर्यंत खिडक्यांतून जळका वास यायचा. इथे त्याला चारी बाजूंनी ऊन लागत होतं.

"बरं," घर म्हणालं, आणि बसलं.

जिन्याने पुष्कळ समजावलं. "अरे, बोलायची पद्धत असते. असं लगेच कुणी राहतं का?" घर म्हणालं, "ते आग्रह करतायत, तर मोडू कसा?" जिना इकडे घड्याळाकडे बघत होता. जेवायची वेळ होत आली होती आणि तिसऱ्या मजल्यावर पेंडसे अडकून पडले होते. शेवटी तो तणतणत एकटाच परत गेला.

घर गेलं नाही. चार दिवस म्हटले होते, ते चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी ते म्हणालं, "दिगंबरराव, तुमचा आग्रह विसरणार नाही," आणि पाहुण्यांच्या पार्किंगमध्येच आणखी जरा पसरून बसलं.

त्या संध्याकाळी वैजूने भांडी इतकी आपटली की शेजारचे विचारायला आले.

"अप्पा, कशाला म्हणालात? कशाला? हातात आलं होतं सगळं!"

"अगं, म्हणायची पद्धत असते," अप्पा टेबलाला धरून म्हणाले. "मला काय माहीत, ते खरंच बसेल."

"तुमच्यासाठी करतेय ना मी हे? तुमच्याच पायांसाठी?"

अप्पांनी टेबलावरचा हात काढला. ते खुर्चीत बसले आणि दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. चहा तिथेच घेतला, जेवलेही तिथेच. वैजूला आपल्या बोलण्याची लाज वाटली. पण बोललेलं काही परत गिळता येत नाही.

ग्रीन हेवनच्या समितीने घराला दोन नोटिसा दिल्या, एक पाहुण्यांच्या जागेत मुक्काम केल्याबद्दल, एक कपडे बाहेर वाळत घातल्याबद्दल. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घराबाहेर रांग लागतेय. लोक गाड्या काढून यायचे, ओटीवर बसून फोटो काढायचे, "कसलं भारी, सगळं हाताशी!" म्हणायचे आणि गाडीत बसून परत जायचे. समितीने ठराव करून घराला कायम केलं आणि बाहेर बोर्ड लावला, 'अस्सल पेठेचा अनुभव'. भोवती पार्किंग वाढवलं. परदेशातल्या मालकाने आनंद झाल्याचं कळवलं. घराला आता भाडेकरू नकोच होता. माणसं यायची, दोन घटका राहायची आणि खिळे न ठोकता जायची.

महिन्याभराने एका रविवारी कुमुदताई जिन्याला घेऊन आल्या. या खेपेला जिना जरा वाकल्यासारखा दिसत होता. त्याने घराकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. वैजू खाली आली तर तो म्हणाला, "दिगंबररावांना बोलवा."

"त्यांना उतरवत नाही आता," वैजू म्हणाली.

मग जिना लिफ्टचा बोर्ड न वाचता, बाहेरून, भिंतीला धरून धरून अकराव्या मजल्यापर्यंत स्वतः आला आणि गॅलरीशी टेकला. धाप लागली होती बिचाऱ्याला.

"दिगंबरराव," तो म्हणाला, "आमच्या इमारतीत बोलणी मोडल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. पोरगं फिरलं, त्याला मी काय करू? पण होकार माझा होता. तुमचे पाय मी बघितलेत, आणि माझा शब्द काही त्याच्याबरोबर पार्किंगमध्ये बसलेला नाही. सात नंबर आहे अजून. घर तेवढं नाही."

"म्हणजे?" वैजूने विचारलं.

"म्हणजे जागा आहे. दुसऱ्या मजल्यावर, पहिल्याच्या वर आणि पेंडशांच्या खाली. पत्ता तोच. यायचं तर या."

कुमुदताईंनी हे आधी ऐकलं नव्हतं, पण त्या धंद्यात मुरलेल्या. "भिंतीच नाहीत म्हटल्यावर खिळ्यांचा प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या. "आणि हवेशीर किती! वैजू, आज हो म्हण. उद्या हे बाहेर कळलं तर हवेलाही भाव येईल."

वैजूने भाडं विचारलं. ते तिच्या बजेटात बसत होतं. बोरपेठेत तिच्या बजेटात बसणारी ती दुसरीच गोष्ट, आणि पहिली खाली पार्किंगमध्ये बसली होती. तिने अप्पांकडे बघितलं. अप्पांचा हात टेबलावरून उठून गॅलरीच्या दिशेने, कठडा शोधत, आधीच निघाला होता.

करार झाला. भिंतींना परवानगीवाचून रंग देऊ नये, आणि सोडून जाताना जागा होती तशी मोकळी करून द्यावी, एवढ्याच काय त्या जाचक अटी. सात नंबरची हद्द कुठे संपते ते 'अनुग्रह'च्या सेक्रेटरींनी वैजूला नीट समजावलं. हद्दीपलीकडची हवा सोसायटीची. सोसायटीच्या हवेत लेखी परवानगीशिवाय काही टाकायचं नाही, वाळवायचं नाही आणि पडायचं नाही. त्यामुळे अप्पांची ती एक काळजी उरली नाही.

सामान फार नव्हतंच. नळ मात्र जागच्या जागी होता. पाइप नगरपालिकेचा, तो घराबरोबर कशाला जाईल? अप्पांनी तो सोडून बघितला, आवाज ऐकून "धार बरी आहे" म्हणाले. मग त्यांनी बायकोचा फोटो मागितला, हाताने चाचपत भिंत असायला हवी होती तिथे गेले आणि अंदाजाने लावला. राहिला. जरा डावीकडे कलला होता, तो वैजूने सरळ केला.

"मी जरा जाऊन येतो," अप्पा म्हणाले.

"मी येऊ बरोबर?"

"कशाला? तू सामान लाव."

काठी घेऊन ते निघाले. वळणावरची आखूड पायरी जिन्याने जरा पुढे केल्यासारखी वाटली. वैजू कामाला लागली. तिचा हात डब्यांवर होता आणि कान रस्त्यावर. चिवड्याचा वास येत होता, म्हणजे भट्टी चालू होती. गिरणीची घरघर येत होती. अप्पांची काठी मात्र ऐकू येईना. दिवेलागण झाली. तिने चार वेळा कडेला जाऊन खाली वाकून बघितलं. शेजारच्या आठ नंबरच्या बाई गॅलरीत आल्या, सगळीकडे एकदा नजर फिरवून म्हणाल्या, "तुम्ही नवीन का? दार लावून घेत जा हं. आमच्याकडे वारा येतो."

"लावते," वैजू म्हणाली. "आमचे अप्पा यायचेत अजून."

"मग आल्यावर लावा," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळाने जिन्यावर काठी वाजली. अप्पा वर आले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, चेहरा फुलला होता. एका हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि देशपांड्यांशी मारुतीच्या पाराशी कडकडून भांडण झालं होतं. "जिवंत आहे अजून तो!" असं म्हणून ते खुशीत खुर्चीत बसले. "सगळे विचारत होते, सध्या कुठे असता? म्हटलं, इथेच. तू जेवलीस का?"

"तुमच्यासाठी थांबले होते," वैजू म्हणाली. मग तिने उठून दार लावून घेतलं.